खाण्यावरून ठेवलेली नावं

इजिप्तमधला कोणी माणूस, मग तो पुरुष असो की बाई, ग्रीक माणसाचा मुका घेणार नाही. ग्रीकाची सुरी वापरणार नाही, मांस भाजायची त्याची सळई वापरणार नाही, त्याच्या पातेल्यात रांधणार नाही. बैल त्यांच्या शास्त्राप्रमाणे शुद्ध ठरलेला असला, तरी तो ग्रीकाच्या सुरीनं कापला असेल तर त्याचं मांस तोंडात घालणार नाही. गाय इसिस देवीची, ती कापायची नसते. आणि ग्रीकाच्या सुरीनं काल काय कापलं होतं, कोणी सांगावं?

हे लिहून ठेवलं आहे हिरोडोटसनं, आपल्या इतिहासग्रंथात. तो स्वतः ग्रीक, आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या हॅलिकार्नासस गावचा, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. मराठी वाचकाला हा उतारा समजावून सांगावा लागत नाही. वेगळी सुरी, वेगळं पातेलं, कोणाच्या हातचं चालतं आणि कोणाच्या हातचं चालत नाही, हे सगळं आपल्याला आजोळच्या स्वयंपाकघराइतकं ओळखीचं आहे. मला थांबवते ती दुसरी गोष्ट. ज्याच्या सुरीचा विटाळ मानला जातो आहे, तोच माणूस हे लिहितो आहे. आणि त्याच्या लिहिण्यात कुठे राग नाही, उलट टोला नाही. त्याच भागात पुढे तो आणखी एक वाक्य लिहून जातो: जे आपली भाषा बोलत नाहीत त्या सगळ्यांना इजिप्तचे लोक रानटी म्हणतात. ‘बार्बारोस’ हा ग्रीकांनी परक्यांसाठी वापरलेला शब्द. इथे तो ग्रीकांवर उलटला आहे आणि उलटवणाराही ग्रीकच आहे.

आपल्याकडे खाण्यावरून वाद पेटतो तेव्हा दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, परक्याच्या खाण्याची किळस येणं हा मनुष्यस्वभाव आहे, जगात सगळीकडे हेच चालत आलं, उगाच कशाला त्याचा बाऊ? दुसरा सूर सुशिक्षितांचा: दुसऱ्याच्या ताटात डोकावूच नये, तो विषयच काढू नये. मला दोन्ही पटत नाहीत. का पटत नाहीत ते सांगायला मला प्राचीन ग्रीकांची मदत घ्यावीशी वाटते, कारण परक्यांच्या खाण्याबद्दल इतकं भरभरून लिहिणारे लोक त्या काळात दुसरे क्वचितच सापडतील. आणि त्यांच्यात दोन्ही तऱ्हा आहेत: माणसाला त्याच्या ताटावरून पायरी दाखवणारी, आणि त्याला विचारून त्याचं उत्तर स्वतःवर घेणारी.

ग्रीकांच्या जेवणाचे मुख्य भाग दोन, सितोस आणि ओप्सॉन. सितोस म्हणजे धान्य. सणावाराला गव्हाची भाकरी, एरवी साध्या माणसाच्या पानात जवाच्या पिठाचा मळलेला गोळा. ओप्सॉन म्हणजे त्याच्याबरोबरचं सगळं: ऑलिव्ह, चीज, कांदा, मासा. ओप्सॉनसाठी मराठीत तयार शब्द आहे, तोंडीलावणं. आपण जसं दुपारभर चिवडा-लाडू खाऊनही ‘अजून जेवलो नाही’ म्हणतो, कारण पोळी-भात पोटात गेलेला नसतो, तसंच त्यांचं होतं. धान्य पोटात गेलं तर जेवण झालं.

सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफन यानं आपल्या गुरूची एक आठवण सांगितली आहे. पंक्तीत एक तरुण भाकरी बाजूला ठेवून नुसतं तोंडीलावणंच खात होता. सॉक्रेटिसनं विषय काढला, कोणत्या कृत्यावरून माणसाला ‘तोंडीलावणंखाऊ’ हे नाव पडतं? तरुणाच्या लक्षात आलं, त्यानं घाईनं भाकरी उचलली. त्यावर सॉक्रेटिस शेजारच्यांना म्हणाला, लक्ष ठेवा, हा भाकरीला तोंडीलावणं करतो की तोंडीलावण्याला भाकरी. घरच्या पंक्तीतलं हे हलकंफुलकं बोलणं आहे. पण माणसाला खाण्यावरून नाव पडतं, ही कल्पना किती रुळलेली होती ते त्यातून दिसतं.

घराबाहेर पडल्यावर याच कल्पनेचं वजन वाढतं. होमरच्या काव्यात माणसाची ओळखच ‘भाकरी खाणारा’ अशी आहे. ओडिसियस एकडोळ्या राक्षसाचं, पॉलिफेमसचं वर्णन करतो तेव्हा म्हणतो, तो भाकरी खाणाऱ्या माणसासारखा दिसत नव्हता, एकट्या उभ्या डोंगराच्या शिखरासारखा दिसत होता. पॉलिफेमस मेंढरं पाळतो, दूध काढतो, चीज टोपल्यांत निथळत ठेवतो, सगळं अगदी नीटनेटकं. पण त्याचे लोक नांगरत नाहीत, पेरत नाहीत. जमिनीतून आपसूक येतं त्यावर राहतात. आणि तो पाहुण्यांना खातो. दूध, न नांगरलेली जमीन, नरमांस या तिन्ही गोष्टी एकाच राक्षसाच्या अंगाला चिकटल्या आणि पुढे शतकानुशतकं एकत्रच फिरत राहिल्या.

मराठीत ‘नावं ठेवणं’ म्हणजे दोष काढणं. ग्रीकांनी तर खरोखरच नावं ठेवली. दूरच्या लोकांना ते स्वतःला काय म्हणवतात यापेक्षा ते काय खातात, यावरून हाक मारली. मासेखाऊ. दूधखाऊ. कमळखाऊ. कासवखाऊ. माणूसखाऊ. असं नाव एकदा बसलं की त्या लोकांबद्दल आणखी काही विचारायची गरज उरत नाही. त्यांचे कायदे, त्यांची गाणी, त्यांचं भांडण मिटवायचं तंत्र, सगळं त्या एका घासाखाली गाडलं जातं.

काळ्या समुद्राच्या उत्तरेचे सिथियन लोक घ्या. सामान्य ग्रीकाच्या डोक्यात सिथियन म्हणजे घोडीचं दूध पिणारा, गाडीत राहणारा, दारूत पाणी न घालता पिणारा माणूस. स्पार्टाचा राजा क्लिओमेनिस वेडा होऊन मेला, तेव्हा स्पार्टाचे लोक म्हणाले, सिथियनांच्या संगतीत बिनपाण्याची दारू प्यायला शिकला, त्याचं हे फळ. जादा कडक दारू हवी असली की ते ‘सिथियन ओत’ म्हणत.

आता याच प्रदेशाची दुसरी बाजू बघा. हिरोडोटस स्वतः लिहितो की तिथे सगळे भटके नाहीत. काही जण धान्य, कांदा, लसूण, मसूर आणि वरीसारखं बारीक धान्य पेरतात आणि खातात. आणखी काही जण गहू पिकवतात तो स्वतः खायला नाही, विकायला. तो विकत कोण घेत होतं? अथेन्स. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्रसिद्ध वक्ता डेमोस्थेनिस अथेन्सच्या न्यायसभेत सांगतो की बाहेरून येणाऱ्या धान्यात काळ्या समुद्राकडून येणारा वाटा बाकी सगळ्या ठिकाणांच्या बेरजेइतका आहे, आणि काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरच्या बॉस्पोरस राज्याच्या राजाकडून वर्षाला सुमारे ४ लाख मेडिम्नॉस धान्य येतं. एक मेडिम्नॉस म्हणजे साधारण ५२ लिटरचं माप. म्हणजे ‘भाकरी खाणारा’ म्हणून छाती काढणाऱ्या अथेन्सकराच्या पानातली भाकरी बऱ्याच वेळा ‘दूध पिणाऱ्यां’च्या मुलखातून आलेली होती. युक्रेनमधल्या लोहयुगीन दफनांतल्या हाडांचा समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) आधारे केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही बरीच माणसं एका ठिकाणी राहून भरडधान्य खाणारी निघाली.

त्याच समुद्रावरून दुसराही माल येत होता. इसवी सनापूर्वी ४१४ मध्ये अथेन्समध्ये देवमूर्तींच्या विटंबनेत दोषी ठरलेल्यांची मालमत्ता जप्त करून विकली गेली. त्या विक्रीचा हिशोब दगडावर कोरलेला आहे आणि त्याचे तुकडे आजही वाचता येतात. एका परदेशी रहिवाशाच्या घरातले गुलाम त्यात एकेक करून मांडले आहेत: थ्रेसची बाई, थ्रेसचा पुरुष, सिरियाचा, इलिरियाचा, कोल्खिसचा, सिथियाचा. कॅरियाचं एक मूल, १७४ द्राख्मा. कॅरियाचं आणखी एक लहानगं मूल, ७२ द्राख्मा. नावांऐवजी बहुधा मुलूखच लिहिला आहे. त्या लहानग्याला घरी काय म्हणत असतील, त्याला आई काय भरवत असेल, याची नोंद कोणालाच ठेवावीशी वाटली नाही.

खाण्यावरून कोणी गुलाम ठरलं, असं मी म्हणत नाही. गुलाम ठरत ते युद्धात, चाचेगिरीत, बाजारात. पण बाजाराला मनाची तयारी लागते, आणि ती तयारी करणाऱ्यांत ॲरिस्टॉटलसारखा माणूस आहे याचं मला आजही वाईट वाटतं. ‘राज्यशास्त्र’ या ग्रंथाच्या सुरुवातीलाच तो म्हणतो की रानटी आणि गुलाम हे स्वभावतः एकच. नीतिशास्त्रावरच्या त्याच्या ग्रंथात पशुवत वृत्तीची उदाहरणं येतात, ती काळ्या समुद्राकाठच्या जमातींची: म्हणे काही जण कच्चं मांस खातात, काही माणसाचं मांस, काही एकमेकांना मेजवानीसाठी आपली पोरं देतात. ‘म्हणे’ हा शब्द त्याच्याही वाक्यात आहे. प्राण्यांबद्दल लिहिताना कोळ्यांना, मधपाळांना विचारून, अंडी फोडून, पिल्लांची वाढ दिवसागणिक पाहून लिहिणारा हा माणूस. माणसांच्या बाबतीत मात्र त्याला ‘म्हणे’ पुरलं.

यावर कोणी म्हणेल, काही चाली खरोखरच भयंकर असतात, त्यांना भयंकर म्हणायचंच नाही का? म्हणावं. पण आधी त्या आहेत का ते पाहावं. हिरोडोटसच्या सगळ्याच अघोरी गोष्टी खोट्या नाहीत. सिथियन लोक मारलेल्या शत्रूच्या कातड्याचे भाते करतात, असं त्यानं लिहिलं होतं. ते अतिशयोक्त वाटायचं. २०२३ मध्ये युक्रेनमधल्या थडग्यांतल्या चामड्याच्या तुकड्यांची प्रथिनं तपासली, तेव्हा त्यातले दोन तुकडे माणसाच्या कातड्याचे निघाले. पुरावा आला, विषय मिटला. उलट ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो बघा. आयर्लंडचे लोक माणूस खातात, मेलेल्या बापाला खाणं मानाचं समजतात, एवढं सगळं लिहून झाल्यावर तो म्हणतो की याला विश्वासू साक्षीदार नाही. साक्षीदार नाही हे माहीत असूनही त्यानं ते लिहिलं. अशी वाक्यं प्रवास करतात तेव्हा शेवटची कबुली वाटेत गळून पडते आणि पहिला आरोप तेवढा पुढच्या गावी पोचतो.

आता दुसरी तऱ्हा. हिरोडोटसच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात एक प्रसंग आहे. इतिहासापेक्षा ती गोष्टच जास्त आहे, पण ती अशा रीतीनं सांगावीशी वाटली यातच सगळं आलं. इराणचा राजा कॅम्बिसेस इथिओपियाच्या राजाकडे हेर पाठवतो. हेर आहेत नाईलकाठच्या एलिफंटाईनचे मासेखाऊ, कारण त्यांना ती भाषा येते. बरोबर नजराणा: जांभळा झगा, सोन्याची कंठी आणि कडी, सुगंधी तेल आणि खजुराच्या झाडाच्या दारूचा एक घडा. इथिओपियाचा राजा झगा हातात घेऊन विचारतो, हा रंग कसा आला? रंगवला आहे असं कळल्यावर म्हणतो, लबाड माणसांचे कपडेही लबाड. दारू मात्र त्याला मनापासून आवडते. मग तो विचारतो, तुमचा राजा खातो काय, आणि तुमच्यात माणूस जास्तीत जास्त जगतो किती? ते सांगतात, भाकरी खातो. गहू कसा पिकतो तेही समजावतात. आणि आयुष्य, जास्तीत जास्त ८० वर्षं. राजा म्हणतो, शेणावर जगणारी माणसं एवढीच जगायची. ही दारू नसती तर तेवढीही जगली नसती. आमच्यात उकडलेलं मांस आणि दूध खाऊन लोक १२० वर्षं जगतात.

हे ऐकणारे कोण होते ते लक्षात घ्या. भाकरी हेच माणूसपणाचं लक्षण मानणारे ग्रीक. त्यांना एक ग्रीक माणूस सांगतो आहे की जगाच्या दुसऱ्या टोकाला तुमच्या भाकरीला शेण म्हणतात, आणि म्हणणारा दूध पिणारा, मांस खाणारा, उंचापुरा, देखणा, न्यायी राजा आहे. पॉलिफेमसच्या ताटातलं दूध इथे शहाण्या माणसाच्या ताटात आलं. इराणी लोकांबद्दलही हिरोडोटस असंच लिहितो: त्यांचं म्हणणं असं की ग्रीक लोक जेवणावरून अर्धपोटी उठतात, कारण जेवणानंतर त्यांना गोडधोड असं काही वाढतच नाहीत.

झेनोफन लेखक म्हणून हिरोडोटसइतका मोठा नाही, पण त्याची एक नोंद मला फार आवडते. इसवी सनापूर्वी ४०१ च्या हिवाळ्यात दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिक इराणी साम्राज्यातून, हरलेल्या बाजूनं लढून, परत येत होते; झेनोफन त्यांच्यातच होता. आर्मेनियाच्या डोंगरात बर्फानं कित्येकांच्या पायांची बोटं गळाली, खेचरं-घोडे वाटेत मेले. तिथे त्यांना जमिनीखालची घरं सापडली. दार विहिरीच्या तोंडासारखं, आत ऐसपैस; माणसं शिडीनं उतरायची, जनावरांना वेगळी वाट. आत शेळ्या, मेंढ्या, गाई, कोंबड्या आणि त्यांची पिल्लं. गहू, जव, कडधान्यं. आणि मोठ्या भांड्यांत जवाची दारू, काठापर्यंत जवाचे दाणे तरंगणारे. भांड्यात पेरं नसलेल्या वेताच्या काड्या, लहानमोठ्या. तहान लागली की काडी तोंडात धरायची आणि ओढायचं. फार कडक, पाणी न घातलं तर. आणि मग तो लिहितो, सवय झाली की चव फार छान लागते.

जवाची दारू ही ग्रीकांच्या लेखी कमी प्रतीची. द्राक्षं नसलेल्यांनी प्यायची. पण झेनोफन त्या घरात बसला होता, त्या घरच्या माणसांबरोबर प्यायला होता, आणि जिभेनं सांगितलं ते त्यानं लिहिलं. सवय झाली की. या तीन शब्दांत किळस म्हणजे काय आणि ती कशानं जाते, दोन्ही आहे. पुढे काळ्या समुद्राकाठी मोसिनिकी लोकांच्या गावात त्याला मडक्यांत खारवलेलं डॉल्फिनचं मांस आणि भांड्यांत त्याची चरबी दिसली. तिथेही तो एवढंच म्हणतो की आपण ऑलिव्हचं तेल वापरतो तशी ते ही चरबी वापरतात.

आपलं काय? ग्रीकांनी आपल्याबद्दलही लिहिलं, आणि हिरोडोटसनं भारत पाहिलेला नव्हता. त्यानं ऐकलं ते लिहिलं. त्याच्या भारतीयांत कच्चा मासा खाणारे आहेत, आजारी माणसाला मारून खाणारे आहेत. आणि एक जमात अशी आहे जी कोणताही जीव मारत नाही, काही पेरत नाही, घर बांधत नाही. पालाभाजी खाते आणि वरीएवढ्या दाण्याचं, सालीतलं, जमिनीतून आपोआप उगवणारं एक धान्य गोळा करून सालीसकट उकडून खाते. ग्रीक कानाला हे पॉलिफेमसच्या गावचं वर्णन वाटलं असेल: नांगर नाही, पेरणी नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजीची ऋषिपंचमी आठवली. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ती बैलाच्या कष्टाचं काही खायची नाही. नांगरलेल्या जमिनीतलं धान्य नाही. परसातला अळू, सुरण, लाल भोपळा, पडवळ, माठ, मक्याची कणसं यांची तेल न घातलेली ऋषीची भाजी, आणि तिच्याबरोबर देवभात, पाणथळीत आपसूक उगवलेला. त्याचे दाणे बारीक, तांबूस, शिजायला हट्टी. आजी ते निवडायला बसायची तेव्हा खिडकीजवळ सूप घ्यायची आणि आम्हाला बोलू द्यायची नाही. या व्रतामागे बाईच्या विटाळाची जी समजूत आहे ती मला मान्य नाही. पण त्या पानाकडे बघा. न नांगरलेलं, न पेरलेलं, कोणत्याही मुक्या जनावराला न शिणवता आलेलं अन्न. ग्रीकाला ज्यात रानटीपणा दिसला, तेच आमच्या घरात वर्षातून एका दिवसाचं सर्वांत पवित्र जेवण होतं. अन्न तेच, पायरी दोन टोकांना.

भारतीयांचा दुसरा प्रसंग जास्त प्रसिद्ध आहे. इराणचा दारियस राजा दरबारातल्या ग्रीकांना विचारतो, मेलेल्या बापाला खायचे किती पैसे घ्याल? ते म्हणतात, कितीही दिले तरी नाही. मग तो कॅलेटियन नावाच्या भारतीयांना बोलावतो, जे आईबापांना खातात असं सांगितलं आहे, आणि विचारतो, बापाला जाळायचे किती घ्याल? ते ओरडून उठतात, असं अभद्र बोलू नका म्हणतात. हिरोडोटसचा निष्कर्ष, चाल हीच सगळ्यांची राजा. त्याचा शब्द ‘नोमोस’. आपण रोज म्हणतो, ‘आमच्यात चालत नाही’, ‘तुमच्यात चालतं का?’ त्या ‘चालतं’मध्ये नोमोस जसाच्या तसा आहे.

भारतीय वाचक इथे अडखळतो, कारण प्रेत जाळणारा तो, म्हणजे या गोष्टीत तो ग्रीकांच्या बाजूला उभा आहे आणि ‘भारतीय’ हेच परके. मला मात्र या प्रसंगातला एक तपशील सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, जो सांगणारे बहुतेक गाळतात. कॅलेटियन बोलले तेव्हा ग्रीक तिथे हजर होते आणि दुभाष्याकरवी त्यांना सगळं समजत होतं. म्हणजे ते ‘अभद्र’ ग्रीकांनी ऐकलं, स्वतःच्या बापाच्या चितेबद्दल. त्या दुभाष्याशिवाय ही गोष्ट नुसती राजाची करमणूक झाली असती.

म्हणून ‘विषयच काढू नये’ हा सभ्य उपाय मला अपुरा वाटतो. विषय न काढल्यानं किळस जात नाही, ती नियमावलीत जाऊन बसते. २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्य भारतातल्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत बांबूचे कोंब, अखुनी असे वासाचे पदार्थ शेजारी गडबड न होता शिजवावेत, अशी सूचना होती. अखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, नागा घरातलं रोजचं. शेजाऱ्याला तो वास सोसत नाही हे खरं असेल. पण त्या मुलीला पलीकडच्या घरातली हिंगाची फोडणी किंवा तुपाचा वास कसा वाटतो, हे त्या पुस्तिकेत कुणी विचारलं होतं? दुभाषी एकाच बाजूनं बोलत होता.

भाड्याचं घर बघताना ‘तुमच्यात चालतं का?’ हा प्रश्न मलाही विचारला गेला आहे, आणि माझ्या उत्तरानंतर फोन ठेवला गेला. मीही वसतिगृहात एका मित्राला त्याच्या डब्यावरून हाच प्रश्न विचारला होता, त्याच स्वरात. त्यानं मला परत काही विचारलं नाही. विचारू शकेल अशी जागा मी ठेवली नव्हती. तो प्रश्न वाईट नव्हता. तो विचारून झाल्यावर मी त्याच्या डब्यातला घास मागायला हवा होता, आणि माझा डबा त्याच्यापुढे सरकवून विचारायला हवं होतं, तुला हे कसं लागतं? तेवढं झालं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो, किंवा वेगळं लिहिलं असतं.

अलेक्झांडरचा आरमारप्रमुख निआर्कस इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये सिंधूच्या मुखापासून इराणी आखाताकडे निघाला. मकरानचा किनारा, आपल्याच अरबी समुद्राचा. गवत नाही, धान्य नाही. त्या किनाऱ्याच्या लोकांना ग्रीकांनी नाव ठेवलं मासेखाऊ. रोमन लेखक प्लिनीनं तर लिहिलं आहे की अलेक्झांडरनं या लोकांना मासे खाऊन राहायची बंदी केली. ज्या जमिनीत दाणा उगवत नाही, तिथल्या माणसाला मासे खाऊ नका म्हणणारा हुकूम!

निआर्कसच्या माणसांचं धान्य संपत आलं होतं. टेकडीवर एक छोटं गाव दिसलं. तो जवळ गेला तशी गावकरी पाहुण्यासाठी भेट घेऊन बाहेर आले: भांड्यात भाजलेला कुपा मासा, थोड्या पोळ्या, खजूर. निआर्कस म्हणाला, फार आनंद झाला, गाव बघू द्या. त्यांनी आत घेतलं. आत जाताच त्याच्या तिरंदाजांनी दार धरलं, तो दोन माणसं आणि दुभाषी घेऊन तटावर चढला आणि जहाजांना खूण केली. दुभाष्यानं तटावरून ओरडून सांगितलं, गाव वाचवायचं असेल तर धान्य द्या. आधी नाही म्हणाले, झटापट झाली, मग गावकऱ्यांनी हात जोडले, आहे ते घेऊन जा म्हणाले, आणि कोठारं दाखवली. भाजलेल्या माशांचं दळलेलं पीठ होतं, पुष्कळ. गहू आणि जव होते अगदी थोडे. निआर्कसच्या आठवणींवरून लिहिणारा एरियन त्याचं कारण देतो: त्या गावात मासा हीच भाकरी होती, आणि भाकरी हे तोंडीलावणं.